खांद्याची रेघ

तूरिनमध्ये फेब्रुवारीत दुपारी तीनलाच
शोरूमचे दिवे लावावे लागतात.
धुकं पो नदीवरून उठतं, काचेपाशी येऊन थांबतं,
आत यायचं की नाही ते ठरवत,
गिऱ्हाइकासारखंच.

त्या दिवशी देल्फीना बार्राल आल्या. वय अठ्ठ्याहत्तर.
डोळ्यांच्या मधोमध, त्यांच्याच शब्दांत, शाई सांडलीय;
कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं काही नाही.
बरोबर भाचा, एमिडियो. हिशोबतपासनीस.
त्याच्या खिशात यादी:
सीटला ऊब किती वेळात येते, डिकीत व्हीलचेअर मावते का,
पाच वर्षांनी विकली तर किती येतील.
"बाहेरच्या दिसण्याचं आम्हाला काही नाही," तो म्हणाला,
"मावशीला तसंही..." आणि वाक्य
तिथेच उभं करून ठेवलं.

मी एकवीस वर्षं गाड्या विकतोय.
"दिसण्याचं काही नाही" म्हणणारे
सगळ्यात आधी रंग विचारतात, हे मला पाठ आहे.
दिसतं तसं नसतं, हेही ऐकून आहे;
पण जग फसतं त्याच्यावरच माझी चूल पेटते,
तेव्हा मी गप्प बसलो.

बाईंनी डाव्या हातातला मोजा काढला.
पहिली गाडी. पुढच्या दिव्यापासून सुरुवात,
बोनेटच्या कडेवरून, दारांवरून, मागच्या चाकाच्या वर,
जसं कुणी ताप आहे का बघतं.
"हिला घाई आहे," म्हणाल्या.
दुसरी सगळ्यात महाग. पुढची जाळी एवढी मोठी
की वाटावं, कुणावर तरी ओरडतेय.
हात दाराच्या कडीपाशी थबकला.
"इथे रेघ घाबरलीय. बैठकीत कुणीतरी काही बोललं असेल,
आणि करणाऱ्याने ऐकलं."
एमिडियो घड्याळाकडे बघत होता.
मी त्या कडीकडे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

तिसरी गडद हिरवी, ऑक्टोबरपासून कोपऱ्यात पडून.
तिच्या खांद्यावरून हात निघाला तो
कुठेच अडला नाही,
मागच्या दिव्याशी पत्रा संपला
आणि हात तरीही थोडा वेळ
हवेत चालत राहिला.

नवरा मातीकाम करायचा, त्यांनी सांगितलं. कुंभार नव्हे;
कारखान्याच्या बंद खोलीत
गाडीचं मापाबरहुकूम मातीचं सोंग उभं करायचा.
एकेका रेघेवर अकरा अकरा महिने.
रात्री जेवताना तपकिरी नखांनी टेबलक्लॉथवर तीच ओढत बसायचा
आणि सूप गार व्हायचं.
"ही त्यांची का?" मी विचारलं.
"छे! त्याला जाऊन सोळा वर्षं झाली.
ही दुसऱ्याच कुणाच्या तरी घरचं सूप गार करून आलीय."

"पण मावशी, तुला ती दिसणार नाही."
"तू आत बसून चालवणार. तुला तरी कुठे दिसणार?"

यावर यादीत काही नव्हतं.

व्हीलचेअर सरळ मावली नाही, तिरकी घातल्यावर मावली.
किमतीची घासाघीस बाईंनीच केली,
भाच्याला दोनदा गप्प बसवून.

एप्रिलमध्ये गाडी सर्व्हिसिंगला आली.
उजव्या दारावर चरा, बाजारामागच्या बोळातला.
एमिडियोला आठवडाभर पत्ता नव्हता,
बाईंच्या बोटाला त्याच संध्याकाळी कळलं.
"रंग मारून देऊ?"
"किती?"
मी आकडा सांगितला.
"मग राहू दे. रेघेला लागलेलं नाही."

शोरूम बंद करून मी माझ्या डबड्याकडे जातो,
रोजच्यासारखा, किल्ली आधीच बोटांत.
चौदा वर्षं झाली, वळून कधी पाहिलं नाही तिच्याकडे.
परवा नुसताच हात ठेवला.
धूळ, कबुतराची शिट, गंजाचा खरखरीत ठिपका,
आणि त्याखाली, अंगठ्याएवढ्या जागेत,
कुणीतरी एकदा
जेवायला उशिरा गेलेलं.